कोरा पाळणा

दवाखान्याच्या फाइलवर ती अजून
'ऋजुताची मुलगी' एवढीच होती,
आणि मी रावपुऱ्यातल्या दुकानात
पावडरीच्या डब्याची मागची बाजू वाचत उभा,
चष्मा कपाळावर, डबा नाकाशी.
दुकानदार म्हणाला, पुढं हसरं बाळ छापलंय की साहेब,
मागचं कोण वाचतं?

मी वाचतो. पोट आहे माझं त्यावर.
सोळा वर्षं नंदेसरीला, रंगांच्या कारखान्यात,
डब्यांवरची बारीक अक्षरं मी लिहितो.
जे लिहायचं नसतं
तेही मला पाठ आहे.

तर वासाचे रुमाल परत गेले,
गुलाबी साबण परत गेला.
ऋजुताच्या जुन्या मऊ ओढण्या फाडून, उकळून
दोरीवर लंगोटांची रांग लागली.
सासूबाई खूश.
मग त्यांनी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ काढलं
आणि मी तेही नको म्हणालो.
घरचं आहे हो, नैसर्गिक!
धोत्राही नैसर्गिकच असतो, आई.
दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.
धुरीचं भांडं मात्र माझ्या खोलीच्या दाराशीच ठेवलं, मुद्दाम.

बारशाला पाळणा हवा होता.
रविवारी डभोईवरून संखेड्याला गेलो.
जसुभाई खराद्यानं केवड्याचं पान
फिरत्या लाकडाला टेकवलं,
लाल-सोनेरी खांब क्षणात ओला दिसू लागला.
विचारलं, काय काय असतं यात?
लाख झाडाची, ते म्हणाले. रंग हा.
आणि धोतराच्या सोग्यानं पुसून डबा पुढं केला.

नारिंगी-लाल. बॅच नंबर. तारीख.
कोपऱ्यात 'तपासले', त्यापुढं
माझीच वाकडी आद्याक्षरं.
खाली मीच बसवलेली ओळ:
लहान मुलांपासून दूर ठेवा.

मी तो डबा बराच वेळ हातात धरून राहिलो.
जसुभाईंना वाटलं, भाव करतोय.
म्हणाले, आमच्या आजोबांच्या वेळी हिंगूळ असायचा, हरताळ असायची,
तेही विषच. तेव्हा डब्यावर लिहीत नव्हते, इतकंच.

कोरा द्या, म्हटलं. बिनरंगाचा.
ते हसले, मग गप्प झाले.
रंग वजा करून पैसे सांगितले,
घेतले, आणि दोनशे परत देत म्हणाले,
हे असं उघडं सामान कुणी बघितलं
तर माझं नाव सांगू नका.

घरी सासूबाई म्हणाल्या, सुतकी दिसतोय.
तिळाच्या तेलाचा हात मी तीनदा फिरवला,
साग जरा उजळला, जरा बोलायला लागला.
त्यांनी आपल्या लग्नातल्या शालूची तांबडी किनार
दांडीला बांधली.
मी ओला रुमाल किनारीवर घासून पाहिला.
फिकट गुलाबी डाग.
ऋजुतानं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं,
आणि रुमाल पदरात लपवला.
नाव ठेवलं, रेवा.
किनार दुसऱ्या दिवशी गुपचूप धुतली गेली,
पुन्हा धुतली गेली, पुन्हा बांधली गेली.

आता ती पाच महिन्यांची आहे, सगळं तोंडात घालते.
मी शर्ट जिन्यातच उतरवतो,
बेसनानं कोपरापर्यंत हात धुतो,
तरी उजव्या अंगठ्याच्या नखाखाली
एक बारीक लाल रेघ उरते.
खोलीत इतकं लाकूड, इतकं सुती कापड,
बेहड्याचा खुळखुळा, वाचून वाचून आणलेलं सगळं,
आणि तिला नेमका तो अंगठा हवा असतो.

काढून घेतला की रडते.
मग मी डावा पुढं करतो.
ती आधी त्याच्याकडं बघते,
दुकानात मी डब्याकडं बघतो ना,
तशी.